चाकाच्या पोटातला गिअर

फैजपूरहून मी ज्या शाळेत शिकवायला जातो ते गाव सातपुड्याच्या पायथ्याकडे, सुमारे अकरा किलोमीटरवर आहे. तापीच्या काठापासून सातपुड्यापर्यंतची जमीन उत्तरेकडे हळूहळू चढत जाते. हा चढ डोळ्यांना फारसा दिसत नाही, पण सायकलवर बसलेल्याच्या मांड्यांना तो पहिल्या आठवड्यातच कळतो. परतताना उतार मिळतो खरा, परंतु मे-जून महिन्यांत नैऋत्येकडून येणारा वारा त्या उताराचा बराचसा फायदा काढून घेतो. रस्त्याचा पहिला तुकडा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गाचा आहे आणि त्यावरून केळीने भरलेले ट्रक सतत जातात. पुढे गावरस्ता लागतो आणि शेवटचा भाग केळीच्या बागांमधून जातो. हा रस्ता कागदावर डांबरी आहे, पण पावसाळ्यात बागांमधून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांना चिकटून आलेली काळी माती त्यावर इतकी पसरते की डांबर केवळ मधूनमधून दिसते.

या रस्त्याला गिअरची सायकल हवी, हे मला पटलेले होते, आणि म्हणून मी बाजारात सर्रास मिळते तशी, मागे सहा व पुढे तीन चक्रे असलेली, डिरेलरची, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलून गिअर बदलणारी, सायकल वापरत होतो. सायकल म्हणून तिच्यात काही खोट नव्हती. तापीखोऱ्यातल्या मातीला मात्र उघडी चेन मानवत नाही. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी मऊ होऊन चेनच्या प्रत्येक कडीत शिरते; उन्हाळ्यात तीच माती फुफाटा होऊन तेलाला चिकटते आणि तेल व धूळ यांचा जो काळा लगदा तयार होतो, तो चेनला वंगण म्हणून नव्हे तर पॉलिश पेपर म्हणून उपयोगी पडतो. दर रविवारी रॉकेलमध्ये ब्रश बुडवून चेन घासणे, डिरेलरच्या दोन लहान चाकांमधून माती कोरून काढणे, पुन्हा तेल देणे, हा कार्यक्रम ठरलेला होता, आणि तो एक आठवडा चुकला तरी गिअर मध्येच उडी मारत असे. यात केळीच्या सोपटाची भर पडे. घड वाहून नेणाऱ्या गाड्यांमधून पानांचे आणि सोपटाचे तुकडे रस्त्यावर पडतात. त्यांतलाच एक चिवट दोर एके दिवशी डिरेलरमध्ये गुंतून तो संपूर्ण भाग स्पोकमध्ये ओढला गेला, आणि त्याला धरून ठेवणारा पत्रा वाकला. मला त्या दिवशी सायकल हातात धरून चालत जावे लागले, याचे फारसे दुःख नव्हते. वाईट याचे वाटले की त्या दुरुस्तीनंतरही डिरेलर पहिल्यासारखा सरळ चालला नाही.

हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या, आतल्या गिअरविषयी मला ऐकून माहिती होते. आमच्या भागात जुन्या रॅले सायकलींवर 'तीन गिअरचे चाक' पाहिल्याचे वयस्कर लोक सांगतात. हँडलवर लहानशी कळ आणि मागच्या चाकाच्या अक्षातून बाहेर आलेली इवलीशी साखळी, एवढेच त्याचे बाहेरून दिसणारे रूप. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील रॅलेच्या आश्रयाने स्टर्मी-आर्चर या नावाने हे हब १९०२-०३ च्या सुमारास तयार होऊ लागले, आणि त्यातला सर्वाधिक टिकलेला एडब्ल्यू हा प्रकार १९३६ साली आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आमच्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले होते, हा योगायोग मला उगीचच आवडतो. २००० साली ती कंपनी तैवानच्या सनरेसने विकत घेतली आणि उत्पादन तिकडे गेले, पण आतली रचना मूळचीच राहिली.

ती रचना समजून घेतल्याशिवाय पैसे खर्च करायचे नाहीत, असे मी ठरवले होते. हबच्या मध्यभागी अक्षाला पक्के असलेले वीस दातांचे चक्र असते. त्याच्याभोवती फिरणारी लहान चक्रे एका पिंजऱ्यात बसवलेली असतात, आणि या सर्वांना वेढणाऱ्या कड्याला आतल्या बाजूने साठ दात असतात. मधले चक्र जागचे हलत नाही, म्हणून पिंजऱ्याचे तीन फेरे झाले की कड्याचे चार होतात. चेनचा जोर पिंजऱ्याला देऊन कड्यातून बाहेर काढला तर चाक एक-तृतीयांशाने अधिक फिरते. कड्याला देऊन पिंजऱ्यातून काढला तर ते तीन-चतुर्थांशच फिरते, पण जोर वाढतो. आणि मधल्या गिअरमध्ये जोर सरळ चाकाला पोचतो, लहान चक्रे नुसती बरोबर फिरत राहतात. कळ ओढल्यावर आतला एक तुकडा अक्षावर थोडा डावीकडे-उजवीकडे सरकतो, आणि कोणी कोणाला फिरवायचे ते त्यावरून ठरते. हे सगळे बंद डब्यात घडत असल्यामुळे मातीचा आणि त्याचा संबंध येत नाही.

आता प्रश्न होता किती गिअर घ्यावेत याचा. शिमानोच्या नेक्सस मालिकेत आठ गिअरचे हब मिळते आणि त्याच्या सर्वांत हलक्या व सर्वांत जड गिअरमध्ये तिपटीहून थोडे जास्त, म्हणजे ३०७ टक्के, अंतर असते. जर्मनीच्या रोलॉफचे चौदा गिअरचे हब तर ५२६ टक्क्यांपर्यंत जाते. त्याच्या किमतीत मात्र आमच्याकडे जुनी मोटारसायकल येईल. तीन गिअरच्या स्टर्मी-आर्चरमध्ये हे अंतर सुमारे १७७ टक्के आहे. पाल किंवा तोरणमाळचा घाट रोज चढायचा असता तर मी आठ गिअरच्या खाली उतरलो नसतो. माझ्या रस्त्यावर मात्र तीनच अवस्था आहेत: चढ किंवा समोरचा वारा, सपाट रस्ता, आणि पाठीवर वारा घेऊन उतार. शिवाय आठ गिअरच्या हबला पाच हजार किलोमीटर किंवा दोन वर्षे झाली की आतली यंत्रणा बाहेर काढून विशिष्ट तेलात बुडवावी लागते, आणि ते तेल फैजपूरलाच काय, जळगावलाही सहज मिळण्यासारखे नाही. तीन गिअरचे हब साध्या ग्रीसवर समाधानी असते. मी तीन गिअरचे, आणि त्यातही आतच सत्तर मिलिमीटरचा ड्रम ब्रेक असलेले हब निवडले, कारण चिखलाने माखलेल्या रिमवर रबराचे ब्रेक घासले की ब्रेकबरोबर रिमही झिजते, हे मी डिरेलरच्या सायकलीवर पाहिले होते. पुण्याच्या एका दुकानामार्फत ते मागवले. त्याची किंमत नव्या साध्या सायकलीपेक्षा जास्त पडली, आणि घरी यावर दोन दिवस जे बोलणे झाले ते येथे सांगण्याचे कारण नाही.

दातांचा हिशोब मी कागदावर केला. पुढे चव्वेचाळीस दातांचे चक्र आणि मागे बावीस दातांचे घेतले तर मधल्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचे दोन फेरे होतात. २६ इंची जाड टायरच्या चाकाचा घेर सुमारे दोन मीटर पाच सेंटिमीटर भरतो, म्हणजे एका फेऱ्यात सायकल चार मीटर दहा सेंटिमीटर पुढे जाते. पहिल्या गिअरमध्ये तीन मीटरांहून थोडी जास्त आणि तिसऱ्यामध्ये साडेपाच मीटरांच्या जवळपास. मिनिटाला साठ फेरे मारले तर अनुक्रमे ताशी अकरा, पंधरा आणि वीस किलोमीटर. मधला गिअर सपाट रस्त्यासाठी नव्हे तर आपण सर्वांत जास्त वेळ ज्या अवस्थेत असतो तिच्यासाठी ठरवावा, असे माझे मत आहे, कारण जोर सरळ जात असल्यामुळे त्याच गिअरमध्ये सर्वांत कमी शक्ती वाया जाते. माझा सर्वांत जास्त वेळ सौम्य चढावर जातो, म्हणून बावीस दात. अठरा दातांचे चक्र लावून सपाट रस्त्यावर ऐट मारता आली असती, पण वाऱ्याच्या दिवसांत पहिला गिअरही जड गेला असता.

हब कोणत्या सायकलीला बसवायचे, यात मात्र अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. आपल्याकडच्या काळ्या, उंच, रॉड ब्रेकच्या सायकलीला हे हब शोभून दिसले असते, पण तिच्या पुढच्या चाकाला बत्तीस आणि मागच्याला चाळीस तारा असतात, ही इंग्रजांच्या काळातली पद्धत अजून चालू आहे. माझ्या हबला छत्तीस भोके होती, आणि त्या २८ बाय दीड इंची मापात छत्तीस भोकांची रिम मला मिळाली नाही. शेवटी २६ इंची, जाड टायरची, बिनगिअरची, लोखंडी फ्रेमची एक वापरलेली सायकल घेतली. तिच्या दोन्ही रिमांना छत्तीस भोके असतात, मागच्या चाकाचा अक्ष ज्यांत बसतो त्या फ्रेमच्या खाचा मागच्या बाजूला उघडतात, आणि टायर व फ्रेम यांच्यात चिखलाला पुरेशी जागा असते. ही शेवटची गोष्ट आमच्याकडे फार महत्त्वाची आहे. मडगार्ड टायरला चिकटून असेल तर काळ्या मातीचा गारा त्यात भरत जातो आणि शंभर पावलांत चाक जाम होते; मडगार्डची जागा दोन बोटे तरी हवी. मागच्या खाचा उभ्या असत्या तर चेन ताणण्यासाठी वेगळी यंत्रणा लावावी लागली असती, आणि मग उघड्या चेनचा जुनाच प्रश्न मागच्या दाराने परत आला असता. फ्रेमच्या मागच्या दोन पायांमधले अंतर हबपेक्षा सातआठ मिलिमीटरने कमी होते. लोखंडी फ्रेम तेवढी फाकवता येते. अॅल्युमिनियमच्या फ्रेमशी असला खेळ करू नये.

चाक बांधण्याचे काम मी गावातल्या ज्या कारागिरांकडे नेले त्यांना सगळे आप्पा म्हणतात, आणि वयाची सत्तरी उलटली तरी ते दुकानात उकिडवे बसूनच काम करतात. तरुणपणी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या साहेबांच्या सायकली त्यांच्या उस्तादांकडे दुरुस्तीला येत आणि तेव्हा असले हब त्यांनी पाहिले होते. हातात घेऊन त्यांनी ते दोन्ही बाजूंना फिरवले, कानाजवळ नेऊन ऐकले आणि म्हणाले, "हाव सर, हे तेच आहे. पन याले कोनी बिघडवायले वेळच देत नव्हतं, म्हनून आमाले खोलायले भेटलं नाही." ड्रममुळे या हबची कडा साध्या हबपेक्षा बरीच मोठी असते, त्यामुळे नेहमीच्या तारा लांब पडतात. हबच्या कडेचा व्यास, रिमचा आतला व्यास आणि दोन कडांमधले अंतर मोजून मी लांबी काढली आणि तशा तारा जळगावहून आणल्या. आप्पांना माझ्या आकडेमोडीवर विश्वास नव्हता. त्यांनी आधी एक तार लावून, निपल, म्हणजे तार ताणणारे लहान नट, किती आत जाते ते पाहून, मगच बाकीच्या तारा भरायला घेतल्या. प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून जाईल अशी विणी घातली. आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माझा एक तास शाळेत संपतो. फ्रेमला दगडी पेन्सिल टेकवून, फिरत्या रिमला ती कोठे लागते ते पाहत, ते एकेक निपल पाव फेरा फिरवत होते.

हब बसवताना ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ती दिसायला क्षुल्लक आहे. साध्या चाकाचा अक्ष नुसता आधार देतो, पण या हबमध्ये मधले चक्र अक्षालाच पक्के असल्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये पायडलच्या प्रत्येक दाबाबरोबर अक्ष खाचेत फिरू पाहतो, आणि तोही दोन गिअरमध्ये परस्परविरुद्ध दिशांना. म्हणून अक्षाच्या दोन बाजू सपाट केलेल्या असतात आणि त्यांवर दात असलेले खास वायसर बसतात. त्या दातांनी खाचेत घट्ट बसले पाहिजे. हे वायसर उलटे लागले किंवा वगळले गेले तर अक्ष हळूहळू फिरतो, केबल ताणली जाते, आणि दोष मात्र हबला दिला जातो. ड्रम ब्रेकचा दांडा फ्रेमच्या खालच्या नळीला पट्टीने जखडणे हेही तितकेच आवश्यक आहे. केबल जुळवण्याची रीत सोपी आहे: कळ मधल्या गिअरवर ठेवायची, उजव्या नटच्या भोकातून आत पाहायचे, आणि लहान साखळी जिथे आतल्या काडीला जोडलेली असते तो खांदा अक्षाच्या टोकाशी बरोबर समपातळीत येईपर्यंत बाहेरचे बॅरल फिरवायचे. जुन्या हबमध्ये हे चुकले की दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायडल एकदम मोकळे फिरत असे आणि उभे राहून सायकल मारणारा माणूस नळीवर आपटत असे. नव्या हबमध्ये ती मोकळी जागा काढून टाकलेली आहे. माझ्या लेखी कंपनीने शंभर वर्षांत केलेली हीच मोठी सुधारणा.

मात्र या सगळ्या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हब नाही, तर पत्र्याचे पूर्ण चेनकव्हर आहे. डिरेलरच्या सायकलीत चेन बाजूला सरकत असते, म्हणून तिला झाकता येत नाही. हबच्या गिअरमध्ये चेन एकाच रेषेत, एकाच लांबीची, कायम राहते. त्यामुळे आपल्या जुन्या सायकलींना असते तसे चारही बाजूंनी बंद कव्हर लावता येते आणि गिअरही मिळतात. चेनची निगा गिअरमुळे नव्हे तर उघडेपणामुळे वाढते, हे मला त्यानंतर स्पष्ट झाले. काळ्या सायकलीचे कव्हर मी विकत आणले; पुढचे चक्र चव्वेचाळीस दातांचे असल्यामुळे ते त्यात मावले, पण मागच्या टोकाला अडत होते. वेल्डिंगच्या दुकानात पट्टी थोडी वाकवून नवीन कान लावून घेतला. खालच्या बाजूला बोटभर झाकणाचे भोक ठेवले, त्यातून चेनचा ताण पाहता येतो आणि तेलही सोडता येते. चेन साधी, जाड, एक-अष्टमांश इंची, आपल्या सर्व दुकानांत मिळणारी आहे, आणि बावीस दातांसाठी ती थोडी वाढवून घ्यावी लागली.

पहिल्या काही दिवसांत हाताला आणि पायाला नवी सवय लावावी लागली. डिरेलरमध्ये पायडल मारतच गिअर बदलावा लागतो. येथे नेमके उलट आहे, क्षणभर पाय सैल सोडायचा, कळ दाबायची, आणि पुन्हा जोर द्यायचा. सायकल उभी असतानाही गिअर बदलतो. महामार्गावरून गावरस्त्याला वळताना समोरून ट्रक आला किंवा म्हशींचा कळप आडवा गेला की तिसऱ्या गिअरमध्येच थांबावे लागते, आणि तेथेच उभ्या उभ्या पहिला गिअर घालून निघता येते. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की शाळेतल्या मुलांची डिरेलरची सायकल कधी हातात आली तर मी उभ्या सायकलीची कळ दाबून बसतो. तिसऱ्या गिअरमध्ये बारीक टिकटिक ऐकू येते, ती मधल्यामध्येही असते. पहिला गिअर सर्वांत शांत असतो. सायकल जुनीपेक्षा जड झाली आहे आणि ते वजन मागच्या चाकातच असल्यामुळे पायऱ्यांवरून उचलताना जाणवते. रस्त्यावर मात्र जाणवत नाही.

पहिला पावसाळा हीच खरी परीक्षा होती. बागांमधल्या रस्त्यावर गारा मडगार्डमध्ये भरत राहिला, तो मी कॅरिअरला लावलेल्या बांबूच्या चिपाटाने उकरून काढत असे, आणि बाहेरून पाहिले तर सायकल पूर्वीइतकीच घाण होत असे. फरक एवढाच की घरी आल्यावर बादलीभर पाणी टाकले की काम संपे. पावसाळा संपल्यावर चेनकव्हर उघडून पाहिले तेव्हा चेन तेलकट होती, तिच्यावर थोडी बारीक धूळ होती, गंज नव्हता. रविवारची रॉकेलची वाटी तेव्हापासून बाहेर आली नाही. नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना चाक अक्षापर्यंत बुडवले तर ड्रममध्ये पाणी शिरते आणि पुढचे काही अंतर ब्रेक ढिला लागतो, म्हणून अशा ठिकाणी पलीकडे गेल्यावर ब्रेक हलका दाबून थोडे चालवावे आणि पुढच्या ब्रेकवर भरवसा ठेवावा.

अशा हबविषयी लोक हमखास भीती घालतात ती पंक्चरची. मागचे चाक काढायचे म्हणजे चेनकव्हर उघडायचे, केबल सोडायची, ब्रेकचा दांडा सोडायचा, वायसर सांभाळायचे आणि बसवताना सगळे पुन्हा जुळवायचे, हे खरे आहे. पण आपल्याकडे पंक्चर काढताना चाक कोण काढतो? टायरची एक बाजू रिमबाहेर काढून, ट्यूब ओढून, परातीतल्या पाण्यात बुडबुडे पाहून, तेथेच ठिगळ लावण्याची आपली पद्धत मुळात पूर्ण चेनकव्हरच्या सायकलींमुळेच पडली असावी असे मला वाटते. बाभळीचे काटे आणि सराटे आमच्या रस्त्यांवर बारमाही असतात. मी ठिगळे, सोल्युशन आणि लहान पंप बरोबर ठेवतो, आणि चाक न काढता काम होते. टायर बदलताना मात्र चाक काढावेच लागते. त्या वेळी चेनचा ताणही पाहून घ्यावा, कारण चाक खाचेत मागेपुढे सरकवले की केबलची जुळणी बिघडते, आणि ती दोन्ही कामे एकाच वेळी केलेली बरी. पुढचे चक्र अगदी गोल नसते, म्हणून चेन सर्वांत घट्ट ज्या जागी होते तेथेही तिला अर्धा इंच तरी झोल राहू द्यावा.

उन्हाळ्याने वेगळाच प्रश्न उभा केला. आमच्याकडे पारा पंचेचाळिसापर्यंत जातो आणि शाळेच्या पत्र्याच्या शेडबाहेर उभ्या सायकलीच्या हबला हात लावता येत नाही. आप्पांचे म्हणणे होते की हबमध्ये महिन्याला थोडे तेल सोडावे, आणि जुन्या हबना त्यासाठी झाकणाचे भोकच असे, त्यामुळे त्यांचे म्हणणे त्यांच्या काळापुरते बरोबर होते. ड्रम ब्रेकच्या हबमध्ये मात्र जास्तीचे तेल गरम होऊन पातळ झाले की ब्रेकच्या अस्तरावर जाते, आणि तेल प्यायलेले अस्तर नुसते पुसून साफ होत नाही. मी त्यांना ग्रीसवरच राहू द्या म्हणालो. ते हसले, पण तेलाची बुधली बाजूला ठेवली.

पुढे तिसऱ्या गिअरमधून मधल्यात येताना हब थोडा उशीर करू लागले, तेव्हा आम्ही ते उघडले. केबल आधी बदलून पाहिली होती, त्यामुळे दोष आत आहे हे निश्चित होते. उजव्या बाजूची छऱ्यांची कडी हातोडी आणि पंचने सोडवावी लागते, आणि तिचे आटे दोन ठिकाणांहून सुरू होतात. त्यामुळे सोडण्यापूर्वी कडी आणि हब या दोन्हींवर खूण करून ठेवली नाही तर ती दुसऱ्या आट्यावर बसण्याचा संभव असतो आणि चाकाचा आऊट बदलतो. ही माहिती मी वाचली होती. आप्पांनी खडूने खूण केली, मग काही विचार करून फाईलने एक बारीक रेघही ओढली. आतली यंत्रणा वर्तमानपत्रावर काढून ठेवली तेव्हा दात नवे असल्यासारखे होते. दोष कुत्र्यांमध्ये, म्हणजे चाकाला एकाच दिशेने पकडणाऱ्या लहान खिट्ट्यांमध्ये, होता. फ्रीव्हीलमध्ये असतात तशीच कुत्री आणि त्यांच्या बारीक स्प्रिंगा येथेही असतात, आणि त्यांच्यावरचे ग्रीस घट्ट होऊन ती आळसावली होती. छरे आणि दातांना ग्रीस चालते, किंबहुना लागतेच. कुत्र्यांना मात्र पातळ तेलाचा एखादा थेंब पुरतो. सगळे रॉकेलने धुऊन, दातांना व छऱ्यांना नवे ग्रीस आणि कुत्र्यांना शिवणयंत्राचे तेल देऊन पुन्हा बसवले. कोन, म्हणजे छऱ्यांना दाबून धरणारा अक्षावरचा निमुळता नट, घट्ट करून थोडा मागे घेतला, चाक डळमळत नाही आणि अडतही नाही अशी जागा सापडेपर्यंत. या कामाला एक दुपार लागली. डिरेलरच्या दिवसांत तेवढा वेळ मी एका महिन्यात चेनवर घालवत असे.

या हबच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तीन गिअरमधल्या पायऱ्या मोठ्या आहेत. समोरून मध्यम वारा असेल तेव्हा मधला गिअर थोडा जड आणि पहिला थोडा हलका वाटतो, आणि त्याला काही उपाय नाही. पहिल्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये दातांच्या घर्षणात शक्तीचा काही भाग जातो. स्वच्छ, तेल दिलेला डिरेलर त्याहून सरस ठरेल, पण स्वच्छ डिरेलर आमच्या रस्त्यावर सकाळी साडेदहापर्यंतच स्वच्छ असतो. सुटे भाग गावात मिळत नाहीत. केबल, लहान साखळी आणि दातेरी वायसर यांची एक जोडी मी डब्यात ठेवली आहे. या तीन वस्तूंपैकी एखादी बिघडली तर सायकल बंद पडत नाही, पण गिअर बंद पडतात. केबल तुटली तर हब तिसऱ्या, म्हणजे सर्वांत जड, गिअरवर जाऊन थांबते, आणि चढाच्या दिशेला हे घडले तर शाळेत पोचेपर्यंत जेवण पचते.

गेल्या वर्षी शाळेत बदलून आलेल्या एका सहकाऱ्यांनी माझी सायकल पाहून तसेच हब मागवून देण्याविषयी विचारले. ते शाळेच्या शेजारच्या एका गावातून येतात, त्यांचा रस्ता पूर्व-पश्चिम आणि जवळजवळ सपाट आहे, आणि त्यांची तक्रार चढाची नव्हती तर दर आठवड्याच्या चेनसफाईची होती. मी त्यांना हब सुचवले नाही. बिनगिअरची, पूर्ण चेनकव्हरची, मडगार्डला दोन बोटे जागा असलेली सायकल आप्पांकडून तयार करून घ्या, असे सांगितले, आणि मागे अठराऐवजी वीस दातांचे फ्रीव्हील लावायला सांगितले म्हणजे वाऱ्यातही गुडघे धरणार नाहीत. हबच्या किमतीत त्यांची अख्खी सायकल झाली. उरलेल्या पैशांत त्यांनी चांगले दिवे आणि कॅरिअरला पिशवी घेतली.